आम्ही सगळे अंडर द वेदर

१ जानेवारी १९९७, बुधवार. सकाळी साडेनऊ.

नवी वही. जुनी तीन फेब्रुवारीला थांबली होती. दोष वहीचा. कागद पातळ होता, शाई फुटायची. यंदा तसं होणार नाही.

संकल्प एकच, पण भक्कम: रोज तीन इंग्रजी वाक्प्रचार. वर्षाला एक हजार पंच्याण्णव. पन्नाशीनंतर माणसाची बुद्धी उतरणीला लागते म्हणतात. ज्यांची लागते त्यांची लागो.

मी कुमाझावा तोकुजी, वय त्रेपन्न, मिझुहारा चाकू कारखान्याच्या निर्यात विभागाचा प्रमुख. (हे मी मलाच का सांगतोय? वही हरवली तर सापडणाऱ्याला कळावं म्हणून.) आमच्या सेकी गावात चाकूवाले पैशाला पासरी, पण इंग्रजीवर हुकूमत असलेला माणूस एकच. १९७४ साली प्रदर्शनासाठी एकोणीस दिवस शेफील्डला होतो. तिथूनच वाक्प्रचारांचा कोश आणला. दोन खंड होते, पहिल्यात वाक्प्रचार आणि दुसऱ्यात अर्थ. सामानाचं वजन जास्त भरलं, म्हणून पहिलाच घेऊन आलो. काही बिघडलं नाही. अर्थ माणसाने स्वतःच्या डोक्याने काढावा, म्हणजे तो विसरत नाही.

बायको हारुए सूप वाढता वाढता म्हणाली, अहो, गेल्या वर्षीही हेच ठरवलं होतंत, त्याच्या आदल्या वर्षीही. मी म्हटलं, चांगली गोष्ट पुन्हा पुन्हा ठरवावी लागते. तेवढ्यात सुपातला मोचीचा, म्हणजे चिकट तांदळाचा, गोळा माझ्या घशात अडकला आणि तिला माझ्या पाठीत गुद्दे घालावे लागले. आजचे तीन उद्या.

६ जानेवारी, सोमवार

कारखान्याचा पहिला दिवस. श्रीमती थॉर्नबींना नववर्षाचा फॅक्स. ब्रिस्टलला स्वयंपाकघराच्या वस्तूंची त्यांची सात दुकानं आहेत आणि सातही दुकानांत आमचे चाकू. त्यांच्याशी गेली चार वर्षं पत्रव्यवहार माझा. आमच्या निर्यातीचा निम्मा डोलारा या एका बाईवर उभा आहे.

पत्राची सुरुवात हवामानाने करावी हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. एकदम कामाचं बोलणं म्हणजे चपला घालून घरात शिरणं. इंग्रजांनाही हे कळतं, हे मी कोशातून शोधून काढलं. त्यांनी खास शब्द ठेवलाय, अंडर द वेदर. म्हणजे या आभाळाखाली, या ऋतूच्या छायेत. तर सुरुवात केली: ‘हाडं गोठवणाऱ्या थंडीत आम्ही सगळे कामगार अंडर द वेदर असून आपल्या भरभराटीची प्रार्थना करतो.’

सुगिउराबाईंनी मसुदा वाचला. या माझ्या हाताखालच्या. वय पस्तीस, बारा वर्षं नोकरी, कामाला चोख पण हात फार मंद. खालच्या आवाजात म्हणाल्या की साहेब, हवामानाचं हे वाक्य या खेपेला गाळलं तर चालेल का. मी त्यांना ऋतू आणि शिष्टाचार यावर दहा मिनिटं समजावून सांगितलं. म्हणाल्या, हो साहेब, नवीन शिकायला मिळालं. हा त्यांचा गुण. ऐकून घेतात.

पाचला सगळे गेले तरी त्या फॅक्सच्या यंत्रापाशीच होत्या. एक पान पाठवायला किती वेळ लावावा माणसाने.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी उत्तर हजर. नववर्षाच्या शुभेच्छा, तुम्ही सगळे ठणठणीत आहात हे वाचून बरं वाटलं, आणि भाजीचे चाकू दोन हजार चारशे. बघा. अंडर द वेदरने सुरुवात केली की समोरचा प्रकृतीची चौकशी करतो. शिष्टाचाराला शिष्टाचार मिळतो.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळच्या सभेत आजपासून ‘पाच मिनिटं, एक वाक्प्रचार’. कल्पना माझीच. आज: विथ अ पिंच ऑफ सॉल्ट. चिमूटभर मिठासह. अर्थ उघड आहे. आखाड्यात उतरण्याआधी पैलवान मीठ फेकतो, मयतावरून आल्यावर उंबऱ्यात अंगावर मीठ टाकतो, तसं मन शुद्ध करून समोरच्याचा शब्द पूर्ण श्रद्धेने स्वीकारणं.

विक्रीतला इनोमाता, सव्वीस वर्षांचा आणि जरा आगाऊ, म्हणाला की साहेब, इंग्रजांकडे कुठे कुस्तीचा आखाडा असतो. मी म्हटलं, समुद्र आहे ना, मीठ आहे ना. गप्प बसला. बाकी सगळे खाली मान घालून लिहून घेत होते. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. सुगिउराबाई तर खिडकीबाहेर बघत होत्या, एवढ्या विचारात गढल्या होत्या.

२० जानेवारी, सोमवार

वाक्प्रचार गेल्या दहा दिवसांत चार. सर्दी होती.

ताकेगोशीसाहेबांनी वर बोलावलं. ते आमचे सगळ्यांचे वरिष्ठ, अख्खा व्यापार त्यांच्याकडे. म्हणाले की सुगिउराचं नाव यंदाही उपविभागप्रमुख म्हणून आलंय, मत लिहून दे, चौदा फेब्रुवारीपर्यंत. आमच्या कारखान्यात बाईमाणूस आजवर त्या खुर्चीवर बसलेलं नाही. जबाबदारी मोठी आहे. माझ्या एका अक्षरावर तिचं भवितव्य. मी म्हटलं, तोवर निःपक्षपातीपणे निरीक्षण करतो. साहेब म्हणाले, कर बाबा.

हारुएला सांगितलं. म्हणाली की त्यात निरीक्षण काय करायचंय, तुमच्या विभागातल्या त्या पोरी तिच्याकडे बघून नोकरीला टिकल्यात, द्या की बिचारीला. बायकांना प्रशासन समजावणं कठीण.

२८ जानेवारी, मंगळवार

निरीक्षण सुरू आहे. गंभीर गोष्ट आढळली.

फॅक्सचं यंत्र महिन्याअखेर नोंदींची यादी छापतं. त्यात पाहिलं तर माझा प्रत्येक फॅक्स ब्रिस्टलला गेला की अर्ध्या-पाऊण तासाने आणखी एक पान तिथेच जातं. दर वेळी, न चुकता. सुगिउराबाईंना विचारलं. त्या जरा लाल झाल्या. म्हणाल्या की साहेब, लाइन मधेच तुटते कधी, म्हणून खात्रीसाठी.

म्हणजे स्वतःच्या कामावर विश्वास नाही. टिपून ठेवलं.

आणखी एक. अर्जावर शिक्का मारताना कनिष्ठाने आपला शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडे किंचित झुकवावा, नमस्कार केल्यासारखा, ही रीत आहे. यांचा शिक्का ताठ उभा. हेही टिपलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सुगिउराबाईंच्या आईचं पोटाचं ऑपरेशन. शुक्रवारपर्यंत रजा. जाताना म्हणाल्या की साहेब, ब्रिस्टलला काही पाठवायचं असेल तर मी येईपर्यंत थांबाल का, तीनच दिवसांचा प्रश्न आहे. मी हसलो. म्हटलं, तुम्ही आईकडे बघा, ब्रिस्टल मी बघतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

श्रीमती थॉर्नबींनी विचारलंय की मुठी नमुन्यासारख्या हातानेच घासल्यात ना, प्रत्येक नग तपासला जातो ना, आणि माल चौदा मार्चला निघणार हे नक्की ना. तीन प्रश्न. मी तीन वाक्प्रचारांत उत्तर दिलं. अशी संधी वर्षातून एकदा येते.

मुठी: ‘आम्ही नेहमीच कट कॉर्नर्स करतो.’ कोपरे काढून टाकतो, म्हणजे मूठ हाताला लागत नाही. तपासणी: ‘वन्स इन अ ब्लू मून.’ शरदातला निळसर चंद्र, ज्याच्यासाठी आपण गवताचे तुरे आणि लाडू मांडून बसतो, तेवढ्या अपूर्व काळजीने. आणि तारीख: ‘चौदा मार्च ही तारीख कृपया विथ अ पिंच ऑफ सॉल्ट घ्यावी.’ सुरुवातीला अर्थात अंडर द वेदर.

स्वतःच पाठवला. चार मिनिटांत. एकदाच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

उत्तर आलं. माल थांबवा. काहीही पाठवू नका. तुमच्याकडे नेमकं काय झालंय? मी स्वतः तीन मार्चला येते.

दुपारी डबा गेला नाही.

पण शांतपणे विचार केल्यावर उलगडा झाला. माणूस एवढ्या लांबून कुणाकडे स्वतः येतो? ज्याच्याबद्दल आदर वाटतो त्याच्याकडे. माल हातोहात न्यायचा असेल. ताकेगोशीसाहेबांना मी तसं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की सुगिउरा कधी येतेय.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाई आल्या. आईची तब्येत ठीक. माझा बुधवारचा फॅक्स वाचला आणि कोट न काढताच खुर्चीत बसल्या. मग विचारलं की ब्रिस्टलला टेलिफोन करायची परवानगी मिळेल का. चाळीस मिनिटं बोलत होत्या. मी मुद्दाम लक्ष दिलं नाही, शिकणाऱ्याला मोकळं सोडावं. मात्र त्या फोनवरही तीन वेळा वाकून नमस्कार करत होत्या, हे दिसलं. अहो, तिकडे दिसत नाही ते.

ऑर्डर निम्मी परत चालू झाली. बाकीची पाहणी झाल्यावर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मूल्यमापनाचा अर्ज भरला. तासभर पेन हातात धरून होतो. न्याय करायचा म्हणजे भावनेला थारा नको.

श्रेणी: क. कारणं: कामात मंद. प्रत्येक फॅक्स दोनदा. शिक्का ताठ. आणि मुख्य म्हणजे ती रजेवर गेली की विभागात घोटाळा होतो, याचा अर्थ तिने काम स्वतःच्या मुठीत ठेवलंय. ‘प्रामाणिक आहे, परंतु नेतृत्वासाठी अजून कच्ची. तीन वर्षांनी विचार करावा.’

पाकीट वर दिलं. घरी सांगितलं नाही. हारुएने मुळ्याचं लोणचं काढलं होतं, त्यात मीठ जास्त झालंय असं म्हणून मी उगाच भांडण उकरलं. का, ते माहीत नाही.

३ मार्च, सोमवार

श्रीमती थॉर्नबी आल्या. साठीच्या, उंच, पायात मळकट बूट. मी स्टेशनवर स्वागताचं वाक्य म्हटलं, त्यात दोन वाक्प्रचार होते. त्या हसल्या आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. मग माझ्या मागे बघून म्हणाल्या की या मिस सुगिउरा ना? आणि तिला चक्क मिठीच मारली. सुगिउराबाई लाकडासारख्या उभ्या.

कारखाना दाखवला. मुठी बघितल्या, पाती बोटावर घासून बघितली. दुपारी जेवायला ईल मासा. दुभाष्याचं काम मी केलं. त्या साधं बोलत होत्या, त्यामुळे मला जवळजवळ सगळं कळत होतं. थोडी निराशा झाली. अख्ख्या दिवसात त्यांनी एकही वाक्प्रचार वापरला नाही.

४ मार्च, मंगळवार

लिहू की नको. लिहितो.

पाहुण्यांच्या खोलीत आम्ही चौघं. श्रीमती थॉर्नबी, ताकेगोशीसाहेब, सुगिउराबाई, मी. श्रीमती थॉर्नबींनी पिशवीतून एक जाडजूड हिरवी फाइल काढली. म्हणाल्या की सगळं समाधानकारक आहे, राहिलेली ऑर्डर पूर्ण करा, पण मला का यावं लागलं ते सांगते. दर वेळी तुमच्याकडून दोन पानं येतात. फेब्रुवारीत एकच आलं, आणि त्यात होतं की तुम्ही कामात चालढकल करता, तपासणी क्वचितच करता आणि तारखेचा भरवसा धरू नये. म्हणून मी घाबरले.

फाइल माझ्यासमोर उघडली. पानं जोडीजोडीने टाचलेली. वर माझं, खाली सुगिउराबाईंचं. चार वर्षांच्या सत्तेचाळीस जोड्या.

जानेवारीची जोडी वर होती. माझ्या पानाखाली सुगिउराबाईंच्या बारीक अक्षरात होतं: ‘कुमाझावासाहेब थंडीबद्दल लिहीत आहेत. आमच्याकडे पत्राची सुरुवात हवामानाने करतात. इथे कुणीही आजारी नाही.’ त्याखाली आणखी एक ओळ होती. ‘साहेब फार मनापासून लिहितात. कृपया हसू नये.’

पान उलटलं. ‘साहेबांचं म्हणणं असं की तारखेवर पूर्ण विश्वास ठेवावा. मिठाचा अर्थ आमच्याकडे वेगळा आहे.’ उलटलं. ‘साहेबांचं म्हणणं असं.’ उलटलं. ‘साहेबांचं म्हणणं असं.’

श्रीमती थॉर्नबी म्हणाल्या, आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, की तुमची पानं मी कधी टाकत नाही, माझा नवरा न्याहारीला ती मोठ्याने वाचून दाखवतो, आमचा सगळा दिवस मजेत जातो.

इंग्रजी साधं होतं. एकही शब्द अडला नाही.

ताकेगोशीसाहेबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काय म्हणतायत बाई. मी भाषांतर केलं की बाई म्हणतात, आमचा पत्रव्यवहार त्यांना अतिशय आवडतो, घरी वाचून दाखवतात. हे खोटं नव्हतं. साहेबांनी मान डोलावली आणि अभिनंदन केलं. मी वाकून अभिनंदन घेतलं. सुगिउराबाईंना इंग्रजी येतं, माझं भाषांतरही कळलं. त्या जमिनीकडे बघत होत्या, जणू चोरी त्यांची पकडली गेली होती.

५ मार्च, बुधवार

सकाळी सुगिउराबाई माझ्या टेबलापाशी आल्या, कमरेतून वाकल्या आणि माझी माफी मागितली. म्हणाल्या की साहेबांना न विचारता पानं पाठवत होते, मर्यादा ओलांडली, क्षमा असावी.

मी म्हटलं, असू दे, असू दे. वर म्हटलं, पुढे लक्षात ठेवा.

पुढे लक्षात ठेवा! या तोंडाने मी हे बोललो. लाज वाटते. साधी, सरळ लाज. जिला मी मंद म्हटलं ती रोज संध्याकाळी माझी अब्रू झाकत बसली होती, आणि त्याच्यासाठीच मी तिचे गुण कापले.

सकाळच्या सभेत वाक्प्रचार घेतला नाही. घसा बसलाय असं सांगितलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. काळजी नव्हती. आता ठरवूनच टाकलंय, खरं लिहायचं. सुटका होती.

६ मार्च, गुरुवार

बढतीची यादी चौदाला छपाईला जाते. त्याआधी ताकेगोशीसाहेबांकडे जाऊन ‘क’ काढून घ्यायचा आणि सगळं कबूल करायचं. आज साडेदहाला जिना चढलो. साहेब फोनवर होते. उतरलो.

७ मार्च, शुक्रवार

साहेब फोनवर नव्हते. पण हसत होते. हसणाऱ्या माणसाचा मूड का घालवा. सोमवारी.

१० मार्च, सोमवार

जिन्यावर सुगिउराबाईच भेटल्या. म्हणाल्या की साहेब, वर काही न्यायचंय का, मी नेते. मी म्हटलं, नाही नाही, पाय मोकळे करतोय. तीन मजले पाय मोकळे केले आणि वरून खाली आलो.

हारुएने विचारलं, अहो, जेवणात लक्ष नाही, काय झालंय. सगळं सांगितलं. ‘क’ सुद्धा. ती उठून भांडी घासायला गेली. आज भांडी दोनदा घासली असावीत, इतका वेळ आवाज येत होता. मग हात पुसत आली आणि म्हणाली की तुम्हाला लाज वाटतेय ते मला दिसतंय हो, पण त्या लाजेचं त्या पोरीने काय करायचं? उद्या सकाळी पायातले बूटही न काढता वर जा.

११ मार्च, मंगळवार

गेलो. बसायच्या आत बोललो. सगळं. हिरवी फाइल, सत्तेचाळीस जोड्या, मी केलेलं भाषांतर, आणि ‘क’ ऐवजी ‘अ’ लिहायची विनंती.

साहेबांनी चहा मागवला. म्हणाले की कुमाझावा, आम्हाला इंग्रजी येत नसेल, पण फॅक्सची पानं मोजता येतात. चार वर्षं माहीत आहे. मला, गोदामाला, इनोमाताला, फाटकावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा.

मी म्हटलं, मग माझा अर्ज? म्हणाले की तो मी उघडलेलाच नाही. ‘अ’ असो नाहीतर ‘क’ असो. बढती मिळाली की माणूस दुसऱ्या विभागात जातो, हा नियम तुलाही ठाऊक आहे. ती गेली तर दुसरं पान कोण लिहिणार? म्हणून तिचं नाव दर वर्षी येतं आणि दर वर्षी मी खोडतो. चौऱ्याण्णवला खोडलं, पंच्याण्णवला, शहाण्णवला. मी विचारलं की तिला कारण काय सांगता. म्हणाले की काही नाही सांगत. तीही विचारत नाही.

मी म्हटलं, मला एकदा तोंडावर सांगायचं होतंत, साहेब. ते म्हणाले, इतकी वर्षं नोकरी झाल्यावर माणसाला कोण सांगतं. आणि मला बिस्किट पुढे केलं.

मी बिस्किट खाल्लं. म्हणजे माझ्या एका अक्षरावर तिचं भवितव्य, हेही माझं मीच ठरवलेलं. अक्षराची गरजच नव्हती. मी नुसता खुर्चीत बसून होतो, तेवढ्यानेच तिची तीन वर्षं गेली.

१२ मार्च, बुधवार

रस्ता एकच. मी इथून हललो तर ती उपविभागप्रमुख होऊन माझ्या रिकाम्या जागेचं काम इथेच सांभाळेल, कुठे जायला नको. बदलीचा अर्ज लिहिला. मालाच्या बांधणीचं गोदाम, तिथली देखरेख. खोकी मोजायची. खोक्यांशी इंग्रजी बोलावं लागत नाही.

रीत अशी की असा अर्ज वरिष्ठ पहिल्यांदा परत करतात, दुसऱ्यांदा विचार कर म्हणतात आणि तिसऱ्यांदा जड मनाने ठेवून घेतात. यादी परवा छापायला जाणार, म्हणजे तिन्ही वेळा उद्याच उरकाव्या लागतील. साडेनऊ, बारा आणि चार असं जायचं ठरवलं. साहेब पहिल्यांदा काय म्हणतील (विभागाला तुझी गरज आहे) आणि मी काय म्हणेन (माझा निर्धार झालाय), दुसऱ्यांदा काय म्हणतील (शेफील्डचा अनुभव वाया जाईल) आणि मी काय म्हणेन, सगळं कागदावर लिहून पाठ केलं. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यायचं, पण पुसायचं नाही.

हारुएने पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. म्हणाली की हे मात्र बरं केलंत. तेवढ्याने मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची पुन्हा लाज वाटली. काहीतरी चांगलं करतोय तेही शाबासकीसाठीच.

१३ मार्च, गुरुवार

साडेनऊला अर्ज ठेवला. साहेबांनी वाचला. म्हणजे वरच्या दोन ओळी वाचल्या. शिक्का हातातच होता, दुसऱ्या कशावर तरी मारत होते, तोच माझ्यावर मारला. म्हणाले की एक एप्रिलपासून, गोदामात हीटर नाही, आतून लोकरीचं घाल.

मी उभाच राहिलो. त्यांनी वर बघून विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, माझा निर्धार झालाय. ते म्हणाले, हो, दिसतोय.

यादीत सुगिउराबाईंचं नाव मी बाहेर पडायच्या आत त्यांनी लाल शाईने परत लिहिलं. ते मी उलटं वाचलं.

खाली येऊन बाईंना बाजूला बोलावलं, चहाच्या कोपऱ्यात. सांगितलं की उपविभागप्रमुख तुम्ही, ब्रिस्टल तुमचं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग मी कमरेतून वाकलो. सव्वीस वर्षांत हाताखालच्या माणसासमोर पहिल्यांदाच. म्हटलं, इतकी वर्षं माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला.

आणि तसाच वाकून थांबलो. अशा वेळी समोरचा लगेच म्हणतो, छे छे, त्रास कसला, उलट किती शिकायला मिळालं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. मीही त्याचसाठी थांबलो होतो, आता इथे काय लपवायचं.

किटलीतलं पाणी उकळेपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, हो साहेब, झाला.

मी सरळ उभा राहिलो. त्यांनी मला चहा ओतून दिला आणि कामाला गेल्या.